गळणारी पुतळाबाई

मी एक जुनी पुतळाबाई आहे. हसू नका हं मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. मला डोकं नाही, हात नाहीत, आणि पाय मांड्यांपाशीच संपतात. कडक प्लॅस्टिकची हाडं, फोमचं मांस आणि पोटात एक लाल रबरी पिशवी, एवढीच मी. नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात, बायकांच्या ओपीडीत, डॉक्टरांच्या टेबलावर माझी जागा आहे. माझ्या पिशवीत पाणी भरलं आणि वरून पोट दाबलं, की खालून चार थेंब गळतात. गळणं हीच माझी नोकरी.

डोकं नसताना ही बोलते कशी, असं काहीजण विचारतील. त्यांना मी सांगते, बाबांनो, डोकं असलेली माणसं या विषयावर तोंड उघडत नाहीत, म्हणून मला बोलावं लागतं.

माझा जन्म पावण्याच्या एमआयडीसीतला. तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये गंगाराम नावाचे कारागीर रबराचे वॉशर आणि गॅस्केट बनवायचे. पाइपाच्या सांध्यातून पाणी गळू नये म्हणून आत जी रबरी चकती बसवतात ना, ती. एक दिवस डॉक्टर स्नेहल घरत त्यांच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "काका, मला बाईच्या ओटीपोटाचं मॉडेल हवंय. सगळे भाग सुटे व्हायला पाहिजेत. बायकांना हातात घेऊन बघता आलं पाहिजे."

गंगारामकाकांनी महिनाभर खपून मला तयार केलं. डॉक्टरांनी पिशवीत पाणी भरलं, पोट दाबलं. एक थेंब बाहेर येईल तर शपथ! काका मिशीत हसत उभे होते.

"काका, हिला गळायला हवं."

"गळायला?" काकांचा चेहराच पडला. "मॅडम, तीस वर्षं झाली, मी गळती बंद करतोय. आता या वयात गळका माल काढू? लोक काय म्हणतील?"

मग डॉक्टर स्टुलावर बसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. लघवीची पिशवी आणि तिची नळी यांना खालून स्नायूंचा आधार असतो. बाळंतपणं, वय, वर्षानुवर्षं उचललेली ओझी यांनी कधी कधी तो आधार सैल पडतो. मग खोकलं, शिंकलं, मोठ्यानं हसलं, की वरून दाब येतो, नळी हवी तशी मिटत नाही आणि लघवी निसटते. बाईला कळायच्या आत निसटते. काका हळूच म्हणाले, "आमच्या हिला पण असंच होतं. ती लग्नकार्याला यायचं टाळते. मी म्हणायचो, ही माणूसघाणी झाली." त्याच दिवशी त्यांनी माझ्या तळाचं घट्ट रबर काढून टाकलं आणि जुन्या, ताणून ढिल्या झालेल्या इलास्टिकचा तळ बसवला. मग मी गळायला लागले.

ओपीडीत आले तेव्हा तिथल्या रखमामावशींनी मला पुसून टेबलावर ठेवलं. मावशी मूळच्या मराठवाड्यातल्या. "ह्या बयेला काय नाव बिव हाय का नाय?" असं म्हणून त्यांनी मला आपल्या आत्याचं नाव देऊन टाकलं, पुतळाबाई. तेव्हापासून सगळे तसंच म्हणतात, डॉक्टरसुद्धा.

मित्रांनो, बायकांना दाखवण्यासाठी माझ्यावर आजवर हजार ऑपरेशनं झाली असतील. रोज व्हायची. माझ्या शेजारी एक ट्रे असायचा आणि त्यात चार गोष्टी. निळ्या जाळीची एक अरुंद पट्टी, सुती कापडाची एक पट्टी, दोऱ्याची सुई आणि एक इंजेक्शनची सिरिंज. पण डॉक्टर एकदम ट्रेला हात लावायच्या नाहीत. आधी व्यायाम शिकवायच्या. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतात, तेच आवळायचे आणि सोडायचे, रोज, निदान तीन महिने. कितीतरी बायका तेवढ्यावर बऱ्या होऊन गेल्या आणि मला पुन्हा दिसल्याही नाहीत.

उरलेल्यांसाठी ट्रे. राजश्री मला चांगली आठवते. शाळेच्या बसवर मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम करायची. "मॅडम, प्रत्येक स्पीडब्रेकरला माझी वाट लागते," ती म्हणाली. "आणि आमच्या रूटवर अकरा आहेत." डॉक्टरांनी निळी पट्टी माझ्या नळीखालून सरकवली, झोळीसारखी. "ही जाळी कायमची आत राहते. चिरा बारीक, एक-दोन दिवसांत घरी, आणि जगभर लाखो बायकांना बसवलेली आहे. बहुतेकींना त्रास होत नाही. पण काहीजणींना पुढे कधीतरी ती आत टोचते, दुखते, कातडीतून डोकावते. आणि तेव्हा पूर्ण काढणं सोपं नसतं."

"आणि ही कापडाची?"

"हे कापड नुसतं दाखवायला. खरी पट्टी तुझ्याच पोटाच्या भिंतीतून काढायची आणि झोळी करायची. बाहेरचं काही आत राहत नाही. गुण जवळजवळ तेवढाच. पण पोटावर मोठा छेद, सहा आठवडे तरी जपायचं, आणि सुरुवातीला लघवी अडकण्याचा त्रास जास्त."

मग सुईदोरा. पोटाकडून टाके घालून पिशवीच्या मानेजवळचा भाग वर बांधायचा. तोही चांगला उपाय, पण काहीजणींची योनीची मागची भिंत नंतर खाली सरकते. आणि सिरिंज म्हणजे नळीच्या भिंतीत जेल टोचून ती जाड करायची. छेद नाही, काही नाही, पण गुण कमी आणि पुन्हा टोचावं लागू शकतं. हृदय कमजोर असलेल्या एका ऐंशी वर्षांच्या आजींनी तेच घेतलं. वर्षभरानं परत आल्या, पण हसतच आल्या.

राजश्रीनं जाळी घेतली. "घरात मी एकटी कमावती. सहा आठवडे बसून राहिले तर चूल कोण पेटवणार?" महिन्याभरानं सांगायला आली, अकराच्या अकरा स्पीडब्रेकर कोरडे. मला तिनं चक्क टाळी दिली, म्हणजे माझ्या हाडावर थाप मारली. फार बरं वाटलं मला.

आणि मग, मित्रांनो, टॅबलेट आला. गोळी नव्हे, तो पाटीसारखा स्क्रीन. त्यात एक रंगीत चित्रातली बाई गोल गोल फिरायची, तिचं पोट पारदर्शक व्हायचं आणि आत बाण धावायचे. मी टेबलावरून कपाटात गेले. वर हिरवं कापड, शेजारी जुने कागद आणि मोडका स्टेपलर. इलास्टिक आणखी ढिलं झालं. मी चार वर्षं अंधारात काढली. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता. चित्रातली ती बाई कधी एक थेंब तरी गळली होती का?

त्या काळात यशोदाबाई आल्या. कपाटाचं दार पुरतं लागत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. उरणच्या बाजूच्या गावातल्या आगरी बाई, साठीच्या पुढच्या. बरोबर त्यांची नात मनस्वी, द्रोणागिरीत एका गोदामाच्या ऑफिसात काम करणारी.

"डॉक्टर, माझी आजी धवलारीण आहे," मनस्वी म्हणाली. आगरी लोकांच्या लग्नात धवलारीण लागतेच. ती मांडवात बसून धवले गाते, देवांना एकेक करून आवतण देते, आणि तिच्या गाण्यावर लग्नाचे विधी पुढे सरकतात. खड्या आवाजात, तासन्‌तास. "दोन वर्षांपूर्वी आजी म्हणाली, माझा गळा गेला. एकाही मांडवात गेली नाही. आम्ही घशाचे तीन डॉक्टर केले. दुर्बीण घातली, गुळण्या, काढे, वाफारे, सगळं केलं. सगळे म्हणतात, गळा ठणठणीत आहे."

"मग इथं कशा आलात?"

"गेल्या महिन्यात मी लवकर घरी आले, तर आजी मोरीत आंघोळ करता करता गात होती. अशी गात होती ना डॉक्टर, शेजारची बाई खिडकीत येऊन ऐकत होती. मी म्हटलं, आजी, गळा बरा झाला की काय? तर ती रडायलाच लागली."

यशोदाबाई पदराशी चाळा करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मोरीत काय, वल्लाच असताय सगला. गलला तरी कोनाला कलताय? मांडवात मी पाटावर बसते बाय, पुढ्यात दिवा, देव. वरचा सूर लावला का मना व्हताच. देवाच्या पुढ्यात असा कराचा? त्यापरीस गला गेला सांगितला, सुटका झाली."

दोन वर्षं घशावर उपचार! कपाटात मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. काढा प्यायल्या बिचाऱ्या, कडू घोट गिळले, पण खरं सांगितलं नाही. देवजींना, म्हणजे त्यांच्या नवऱ्यालासुद्धा नाही. ते बिचारे दर आठवड्याला मोरा बंदरावरून लाँचनं मुंबईला जाऊन घशाचं औषध आणायचे.

डॉक्टरांनी तपासलं, आधी व्यायाम दिला. यशोदाबाईंनी तीन महिने मनापासून केला. खोकताना, उठता-बसताना थांबलं, पण वरचा सूर लावला की निसटायचंच. तेव्हा ऑपरेशनची गोष्ट निघाली. मनस्वीचं लग्न ठरलं होतं, नऊ आठवड्यांवर. "माझ्या लग्नात दुसऱ्या कुणाचा धवला मला नको," मनस्वी म्हणाली. "आजी गाणार नसेल तर मी स्पीकरवर पण लावू देणार नाही." यशोदाबाईंना तर तेवढंच हवं होतं. नातीच्या मांडवात एकदा गायचं.

डॉक्टरांनी टॅबलेट दाखवला. यशोदाबाईंनी दोन मिनिटं बघितलं आणि तोंड फिरवलं. "ह्या मी टीव्हीवर बघून काय करू? माज्या हातान दे काय असल त्या."

कपाट उघडलं! रखमामावशींनी मला पदरानं पुसलं आणि टेबलावर ठेवलं. यशोदाबाईंनी माझ्यात हात घातला, पिशवी दाबली आणि मी गळले. "आगो माजे बाय," त्या म्हणाल्या, "तुजा पन तसाच काय?" मला मेलीला कुणी इतकं आपुलकीनं कधी विचारलं नव्हतं.

मग ट्रेमधली निळी जाळी त्यांच्या हातात आली. त्यांनी ती ताणून बघितली, बोटाभोवती गुंडाळली, नखानं भोकं चाचपली. देवजींचं आयुष्य खाडीत जाळी लावण्यात गेलेलं. नायलॉन यशोदाबाईंना कुणी शिकवायला नको होतं.

"आमच्या खाडीत तिवराच्या फांदीला एकदा जाळं अडकला," त्या सावकाश म्हणाल्या. "ह्यांनी तसाच सोरला. धा वर्सांनी बघतो त लाकूड जाळ्यावरून वाढलेला. जाळं फांदीच्या पोटात. भायेर काराला गेलो त फांदीच तुटली. नाय डॉक्टर, मना ह्या नको."

"आजी!" मनस्वी जवळजवळ ओरडलीच. "जाळीनं तू लवकर उठशील. तीन-चार आठवड्यांत बरी. पोट कापलं तर लग्नापर्यंत काय होईल कुणाला माहीत? प्लीज, माझ्यासाठी."

"मनस्वी, थांब," डॉक्टर म्हणाल्या. "यशोदाबाई, एक गोष्ट नीट ऐका. फांदीचं झालं तसं प्रत्येकीचं होत नाही. बहुतेक बायका जाळी घेऊन सुखात आहेत. मी ती घाबरवायला दाखवत नाही. आणि स्वतःची पट्टी घेतली म्हणजे अडचण येणारच नाही, असंही नाही. लघवी अडकू शकते. लग्नाला गाता येईल, असा शब्द मी देणार नाही."

यशोदाबाईंनी नातीचा हात धरला. "तुजा लगीन दोन दिवसांचा पोरी. ह्या मना मरेपरत आंगात वागवाचा हाय. माजीच पट्टी माज्या कामाला येऊ दे. गाता आला त गाईन, नाय त मांडवात बसून रडीन, पन बसेन त कोरडी." मनस्वीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं मान हलवली. त्या दिवशी घरी जाऊन यशोदाबाईंनी देवजींनाही सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले म्हणे, "मंग मी दोन वर्सं त्या लाँचला कशाला गेलो?"

ऑपरेशन झालं. मी तिथे नव्हते, मला आत नेत नाहीत. पण पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं. दहाव्या दिवशी लघवीसाठी घातलेली कॅथेटरची नळी काढून बघितली, तर लघवी पुरी सुटेना. पुन्हा नळी घालावी लागली. यशोदाबाई खुर्चीत बसून ढसाढसा रडल्या. "मीच येडी. पोरगी सांगत व्हती त्या ऐकला असता त आज घरात फिरत असते." त्या दिवशी मनस्वी "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाली नाही. तिनं नळीची पिशवी हातात धरली आणि आजीला रिक्षापर्यंत नेलं. लग्नाला सहा आठवडे उरले होते.

पंधराव्या दिवशी नळी निघाली आणि लघवी हळूहळू मोकळी झाली. पोटावरचा छेद भरत आला. डॉक्टरांनी ओझं बंद ठेवलं, जात्यावर बसणं बंद ठेवलं. गाणं? "आधी तपासू, मग बघू." आणि यशोदाबाईंनी सहा आठवडे मोरीतसुद्धा सूर लावला नाही.

तपासणीचा दिवस आला. लग्न दहा दिवसांवर. बाहेर बाकांवर पंधरा-वीस बायका बसलेल्या. डॉक्टर म्हणाल्या, "खोका." यशोदाबाई खोकल्या. कोरडं. "जोरात." कोरडं. "उभ्या राहून उडी मारल्यासारखं करा." कोरडं.

"आता गा," डॉक्टर म्हणाल्या.

यशोदाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. आवाज येईना. हात पोटावर गेला, लुगड्याच्या निऱ्या मुठीत घट्ट धरल्या. दोन वर्षांची भीती काय एका टाक्यानं जाते? "नाय व्हनार मना," त्या पुटपुटल्या. "सांगा त्या दुसरीला. त्या करंजा गावच्या बाईला बोलवा." त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. मला काही करता आलं असतं तर मी केलं असतं हो, पण मी पडले रबराची.

मनस्वीनं डोळे पुसले. मग काय वाटलं तिला कोण जाणे, तिनंच धवला सुरू केला. आवाज पातळ, चाल अर्धीमुर्धी. देवांना आवतण द्यायला लागली. पहिलं आवतण दिलं खाडीवरच्या देवाला.

"आगो, थांब!" यशोदाबाई खुर्चीवरून ताडकन उठल्या. "आदी गावदेवी! गावदेवीला सोरून खाडीवरच्याला आवतान? मांडव मोरून टाकाचा हाय काय तुना?"

"मग कसं?"

"असा!" आणि त्यांनी लावला सूर.

मित्रांनो, त्या सुरानं माझ्या पोटातली रबरी पिशवीसुद्धा थरथरली. खडा, मोकळा, वर वर चढत जाणारा. गावदेवी आली, वेशीवरचा आला, खाडीवरचा आला, घरातले गेलेले वाडवडील एकेक करून आले. बाहेरच्या बायकांची बडबड थांबली. रखमामावशी हातातला ट्रे तसाच धरून दारात उभ्या राहिल्या. यशोदाबाईंनी सगळ्यात वरचा सूर लावला, लांबवला, आणि तो संपला तेव्हा त्यांनी हळूच खाली, आपल्या पायांपाशी बघितलं. फरशी कोरडी होती. लुगडं कोरडं होतं.

त्या मटकन खाली बसल्या आणि नातीच्या पोटात तोंड खुपसून रडल्या. "दोन वर्सं कोनाकोनाला सांगत बसले, गला गेला, गला गेला," त्या हुंदक्यांमधून म्हणत होत्या. "सांगता सांगता मनाच खरा वाटाया लागला व्हता, बाय. मी आता गायला उभी राहिले ना, तवा मना वाटला, माजा गला खरंच गेला."

मित्रांनो, मला काळजीनं वापरा, पुसून ठेवा, असं मी सांगणार नाही. माझं रबर पुन्हा बसवता येतं. पण तुमच्या घरात आई, आजी, काकू, मावशी असेल. ती हसताना अचानक थांबत असेल, लांबच्या प्रवासाला नको म्हणत असेल, आवडीचं काही सोडून देऊन भलतंच कारण सांगत असेल, तर तिची चेष्टा करू नका. जवळ बसा आणि विचारा. एकदा विचारून नाही सांगितलं, तर पुन्हा विचारा. आणि मग तिच्याबरोबर दवाखान्यात चला. व्यायाम असेल, पट्टी असेल, टाके असतील, काय घ्यायचं ते तिला हातात घेऊन ठरवू द्या. पण लवकर चला. यशोदाबाईंनी त्या दोन वर्षांत गावातल्या सतरा मांडवांत धवले गायले नाहीत, आणि ते सतरा मांडव आता पुन्हा उभे राहणार नाहीत.